तुझ्या आईला सांग

सासऱ्या-सुनेतलं मौन हे आपल्या घराण्याचं भूषण आहे म्हणे, मामा. नऊ वर्षं एका छपराखाली राहून तुम्ही आणि मी एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. परवा मठाच्या अंगणात तुमची शोकसभा झाली, तेव्हा एका वक्त्यांनी हे सांगितलं. पुरुषांच्या बाजूनं सुस्कारे आले. बायकांच्या बाजूला शेजारच्या शांताबाईनं माझ्या बरगडीत कोपर मारलं आणि म्हणाली, "खरं व्हय गं? मंग रोज सकाळी भांडायचा आवाज कुणाचा यायलता?"

वक्ते खोटं बोलत नव्हते. आपण एकमेकांशी बोललो नाही. आपण नीलूशी बोललो. तुम्ही म्हणायचे, "नीलम्मा, तुझ्या आईला सांग." मी म्हणायची, "नीलू, आजोबाला सांग." मीठ, पाऊसपाणी, तुमचा खोकला, माझ्या भावानं सोलापूरहून पाठवलेली पुस्तकं, हैदराबाद राज्याचं भवितव्य, सगळं त्या पोरीवरून इकडून तिकडं गेलं. सुरुवातीला तर तिला दातही नव्हते.

तेव्हा तुम्हाला थेट 'तुम्ही' म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. पदर डोक्यावर घेऊन लिहायला बसले आहे. तुम्ही बघत नाही हे माहीत आहे, पण हात आपोआप गेला.

तुम्ही कोण होतात ते सभेत पुष्कळ सांगितलं गेलं. 'उर्दूचे गाढे पंडित', 'दीनदुबळ्यांचे कैवारी'. तुम्ही अर्जनवीस होतात. चिटगुप्प्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली सतरंजी टाकून बसायचे आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज सरकारी उर्दूत लिहून द्यायचे. त्या अर्जांची मी दोन-चार भाषांतरं ऐकली आहेत. कचेरीतल्या अधिकाऱ्याचं, म्हणजे हाकीमसाहेबांचं, गुणवर्णन संपून मूळ तक्रार येईपर्यंत तक्रारदाराची म्हैस म्हातारी होत असे. पण लोक तुमच्याकडेच यायचे. कारण अर्ज लिहायच्या आधी तुम्ही त्यांचं सगळं ऐकून घ्यायचे, म्हशीच्या नावासकट.

नीलूचा जन्म तुम्हाला आठवत असेल. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम. पण त्या साली रस्त्यांवर भरवसा नव्हता, म्हणून ती इथंच, मधल्या खोलीत झाली. जन्मली ती ओरडतच. तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "अरे वा, वकील आलाय!" दाईनं आतून सांगितलं, मुलगी आहे. तुम्ही म्हणालात, "मंग बॅरिस्टर."

पुढच्या दोन-अडीच महिन्यांत गावागावांतून रझाकारांच्या बातम्या येऊ लागल्या आणि आम्हाला निघावं लागलं. हे, मी, तुमच्या बहीण गुरम्मा आत्या आणि पदराखाली नीलू. तुम्ही घर राखायला मागं राहिलात. कचेरीतली माणसं ओळखीची आहेत, मला कोण काय करतंय, म्हणालात. वाटेत एक दिवस आम्ही आणखी दोन कुटुंबांसोबत ज्वारीच्या रानात बसून काढला. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. रस्त्यावरून माणसांचे आवाज येत होते, कोणाचे ते कळत नव्हतं. नीलू रडली की दहा तोंडांतून 'श्श्' यायचं आणि मी तिला छातीशी घट्ट आवळायची. आत्या माझ्या तोंडाकडे बघायच्या, मी पोरीच्या. दुपारपर्यंत ती रडायची थांबली. सगळ्यांना हायसं वाटलं. यात कुणाचा दोष काढायचा? आम्ही जिवंत राहिलो.

सोलापूरला माझ्या माहेरीही 'श्श्' सुटलं नाही. घर भरलेलं, प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी पळून आलेलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि दिवाळीच्या सुमाराला आम्ही परत आलो. तुम्ही दारात उभे होतात. डोक्यावरची काळी टोपी जाऊन पांढरी आली होती. त्या महिन्यात अख्ख्या चिटगुप्प्यानं टोपी बदलली होती, आणि जो तो दुसऱ्याच्या टोपीला हसत होता. अंगात शेरवानी मात्र तीच.

नीलूला बघायला गल्ली लोटली. गोबरी, स्वच्छ, काजळ घातलेली पोर. पाळण्यात ठेवली की आढ्याकडे बघत पडायची. भूक लागली तरी आवाज नाही. कुणी घेतलं तर जायची, ठेवलं तर राहायची. गुरम्मा आत्या तिचं कौतुक सांगताना थकत नसत. "कसलं गुणाचं लेकरू म्हणावं! घरात हाय म्हणून कळत न्हाई बघा." बायका आपापल्या रडक्या पोरांना चिमटे काढून सांगायच्या, "बघ, जरा शिक त्या नीलम्माकडून."

तुम्ही स्नान करून, कपाळाला विभूती लावून, पाळण्याशी आलात. बराच वेळ वाकून बघितलंत. मग भिंतीला विचारलंत, "हिचा आवाज कुठं हाय?"

"कसला आवाज, अण्णा?" आत्या म्हणाल्या. "शांत हाय पोर."

"ही रडली कवा शेवटची?"

कुणालाच आठवेना. मला तर प्रश्नच कळला नाही. आम्ही सगळे तिच्याबरोबर होतो. ती रोज थोडी थोडी गप्प होत गेली आणि आम्हाला ते थोडं थोडंच दिसलं. तुम्ही तिला बॅरिस्टर म्हणून निरोप दिला होतात, आणि परत आला होता एक कारकून.

मग तुम्ही तुमच्या पद्धतीनं, म्हणजे वाजतगाजत, उपाय सुरू केलेत. मठाचे जंगमस्वामी आले, विभूती लावून गेले. दर्ग्यातून ताईत आला. वैद्य आले, त्यांनी पोरीची नाडी बघून पोटाचं औषध दिलं, कारण त्यांच्याकडे पोटाचंच औषध असे. एक दिवस तुम्ही सनईवाल्यालाही बोलावलंत. तो पाळण्याजवळ बसून गाल फुगवून वाजवत राहिला. गल्लीतली सगळी पोरं नाचली. नीलू आढ्याकडे बघत होती.

माझ्याबद्दल कुणी वैद्य बोलावला नाही. बोलावायचं कारणही नव्हतं. मी उठायची, दळायची, पोरीला न्हाऊ घालायची, पाजायची, पुसून निजवायची. तांब्या घासून जागेवर ठेवावा तसं, अगदी नीट. दिवसभरात माझ्या तोंडून किती शब्द निघत होते देव जाणे. पण आपल्याकडे सून गप्प असली तर तिला बरं नाही असं कुणाला वाटत नाही. तिला वळण आहे असं वाटतं. घरात दोन गुणाची लेकरं झाली होती, एक पाळण्यात आणि एक चुलीपाशी.

त्याच सुमाराला तुमचा धंदा बसला. कचेरीत नवे हाकीम आले. त्यांना उर्दू येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना ते आता आठवत नव्हतं. लिंबाखाली तुमच्या शेजारी टाइपरायटर घेऊन एक तरुण येऊन बसला. तुम्ही सकाळी शेरवानी घालून जायचे आणि दुपारच्या आत परतायचे. एके दिवशी गेलाच नाहीत. शेरवानी मात्र घातलीत, आणि पाळण्यासमोर पाट मांडून बसलात. तुम्हाला ऐकून घेणारा हाकीम पाहिजे होता. घरात तेवढा एकच रिकामा होता.

"हुजूर," तुम्ही हात जोडून म्हणालात, "फिदवी का अर्ज है." फिदवी म्हणजे सेवक. आणि कचेरीतली सगळी तक्रार तुम्ही त्या पाच महिन्यांच्या पोरीपुढे मांडलीत, पदव्यांसकट. टाइपरायटर कसा खडखड करतो, त्या पोराला उर्दूच्या धावत्या शिकस्ता लिपीतला एक कागद वाचता येत नाही, हे सगळं. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

पण तुम्ही एक गोष्ट केलीत, आणि ती मी दारातून बघितली. तुम्ही विचारलंत, "क्या हुकूम है, सरकार?" आणि थांबलात. हाकीम मान वर करेपर्यंत अर्जनवीस थांबतो तसे, जराही घाई न करता. जंगम थांबले नव्हते, वैद्य थांबले नव्हते, सनईवाला तर नव्हताच नव्हता. नीलूचा हलणारा पाय स्थिर झाला. तिनं आढ्यावरची नजर काढली आणि तुमच्या मिशांवर आणून ठेवली. ओठ जरासे हलले, आवाज नाही. तुम्ही गंभीरपणे मान लववलीत. "जो हुकूम," म्हणालात, आणि पुढचा मुद्दा मांडलात.

तेव्हापासून ती कचेरी रोज भरू लागली.

आता मी ज्या मुद्द्यावर तुमच्याशी भांडणार आहे तो येतो. थोड्या दिवसांनी तुम्ही मला त्या कामकाजात ओढलंत. मी ताट ठेवून मागं सरले, तर तुम्ही पाळण्याकडे तोंड करून म्हणालात, "नीलम्मा, तुझ्या आईला इचार, भाकरीत आज मीठ कामून न्हाई?"

मामा, ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतं. तुमच्या आईच्या भाकरीत नव्हतं, गुरम्मा आत्यांच्या भाकरीत नाही. मी चुलीकडे वळले. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही. शेवटी माझं डोकं फिरलं. मी पोरीला पाळण्यातून उचललं, तोंडासमोर धरलं आणि म्हणाले, "नीलू, आजोबाला सांग, भाकरीत मीठ घालायची पद्धत कुठल्या मुलखात आहे ते आधी सांगा."

"तुझ्या आईला सांग, हैदराबादेत घालत्यात."

"आजोबाला सांग, हैदराबादेत भाकरीच करत नाहीत."

तुम्ही भाकरीचा मोठा तुकडा तोडून तोंडात घातलात. मला ते फार आवडलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की नीलू माझ्या तोंडाकडे बघत होती, हलणाऱ्या ओठांकडे. मीही तिच्याकडे बघत होते. किती तरी दिवसांत मी तिचा चेहरा नुसता पुसला होता, बघितला नव्हता. तिच्या एका भुवईत तीळ होता. तो तेव्हा मला कळला.

हे तुम्ही मुद्दाम केलंत का? आठ वर्षं मी ठरवू शकलेले नाही. तुम्हाला विचारायचं तर नीलूकडून विचारावं लागलं असतं, आणि हा प्रश्न तिच्याकडून विचारता येण्यासारखा नव्हता. कधी वाटतं, म्हाताऱ्यानं सगळं ओळखलं होतं. कधी वाटतं, तुम्ही नुसते भांडखोर होतात आणि तुम्हाला प्रतिवादी मिळाला. सभेत बोलणाऱ्यांना पहिलं पटेल. मी तुमच्याबरोबर राहिले आहे. मला दुसरंही तितकंच पटतं.

तरी एक दुपार आहे, जी मला दुसऱ्या बाजूला जाऊ देत नाही. आत्या ओट्यावर कडधान्य निवडत होत्या आणि कुणा बाईला पोरीच्या शांतपणाचं कौतुक सांगत होत्या. तुम्ही ते ऐकलंत. मग पाळण्याकडे वळलात आणि हळू बोललात. तुम्ही हळू बोललात की घरातल्या भांड्यांनाही दचकायला होई.

"नीलम्मा, तुझ्या आईला सांग. म्या उभा जन्म अर्ज लिव्हलेत. एका अर्जाला जबाब न्हाई आला तर माणूस दुसरा करतंय. दुसऱ्याला न्हाई आला तर तिसरा. मंग एक दिवस करायचंच सोडतंय. कचेरीतले म्हणत्यात, काय शांत गाव हाय! शांत न्हाई ते. दमलंय ते गाव."

माझ्या अंगाची आग झाली. भाकरी तव्यावर टाकून मी आले, पोरीला उचललं. "आजोबाला सांग," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "ज्वारीच्या रानात जबाब द्यायची सोय नव्हती."

तुम्ही भिंतीकडे बघत होतात. 

"तुझ्या आईला सांग, ते मला ठाव हाय. रानाचं बोलत न्हाई मी. रान संपलंय, एवढंच सांगायलोय."

मी तिला घेऊन तिथंच खाली बसले. मला रडू आलं. गावातून निघाल्यापासून पहिल्यांदा. नीलूनं माझ्या गालाला हात लावला, ओला झाला तसा काढून घेतला, आणि परत लावला. भाकरी करपली. ती तुम्ही तक्रार न करता खाल्लीत. आपल्या सहवासातलं हे एकमेव आश्चर्य, ज्याला मी चमत्कार म्हणायला तयार आहे.

त्यानंतर तुम्ही ह्यांच्याकडे वळलात. बापानं वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं पोर उचलायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. परक्याचं पोर कडेवर घेऊन गावभर हिंडलं तर चालतं; स्वतःचं घेतलं तर निर्लज्ज. हे रोज संध्याकाळी दुकानातून यायचे, पाळण्याला वळसा घालून आत जायचे. बघायचं असलं तर खांबाला टेकून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे, चोरीचा माल बघावा तसे. एक दिवस तुम्ही पाट उचललात, भिंतीला लागून मांडलात आणि भिंतीकडे तोंड करून बसलात.

"नीलम्मा, तुझ्या अप्पाला सांग, म्हाताऱ्याला आता काय बी दिसत न्हाई. उचल म्हणावं."

ह्यांनी खांब सोडला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग तूरडाळीचं पोतं उचलावं तसं पोरीला उचललं. तेवढ्यात आत्या आल्या.

"अण्णा, भिंतीत काय बघायलास रे?"

"गिलावा बघायलोय. कुठं कुठं पोपडे धरलेत."

"आनि ह्यो बघ की, तुझ्या मागं ह्यो पोर घेऊन हुबा हाय! लाज गुंडाळून ठेवली."

"कोण? मला तर काय दिसत न्हाई बाई. मी भिंतीकडं बघायलोय."

रोज संध्याकाळी तुम्ही गिलावा तपासू लागलात. गावात बोलणं झालं की अर्जनवीसाचं डोकं धंदा गेल्यापासून ठिकाणावर नाही. हे पोरीला घेऊन अंगणात फेऱ्या मारायचे आणि काय बोलावं ते न कळून तिला बाजारभाव सांगायचे. तुरीचा भाव चढला की ती हसायची, असं ह्यांचं म्हणणं. मी ते तपासलेलं नाही.

पण नीलू अजून रडली नव्हती. हसायला लागली, नजर फिरवायला लागली, हुंकार द्यायला लागली. रडणं काही परत आलं नव्हतं. आत्या म्हणायच्या, चांगलंच की.  पडली तरी ती ओठ घट्ट मिटायची आणि दाराकडे बघायची. ते बघून तुम्ही उठून ओट्यावर जायचे.

मग ती गुलबर्ग्याची मोटार. उर्दू अर्जनवीसांना कचेरीत जागा असावी, जुन्या कागदांसाठी तरी असावी, असा अर्ज तुम्ही लिहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी. तो घेऊन तुम्ही गुलबर्ग्याला मोठ्या साहेबांना भेटणार होतात. शेरवानीला इस्त्री झाली, टोपी झटकली गेली, हातात छत्री आली. चौकातून मोटारीचा भोंगा ऐकू आला. तुम्ही उंबरा ओलांडलात आणि पाळण्यातून आवाज आला.

आधी कुणाला कळलंच नाही कसला आवाज. गंजलेलं दार उघडावं तसा. मग तो फुटला, आणि फुटला तो असा की शांताबाई हातातली चाळणी घेऊन पळत आली. नीलू पाळण्याची कड धरून बसली होती, तोंड लालबुंद, दोन्ही हात तुमच्या दिशेनं. आत्या सवयीनं धावल्या. "श्श्, श्श्, माझी गुणाची..."

"खबरदार!" तुम्ही उंबऱ्यात उभे राहून गरजलात. "कुणी श्श् करायचं न्हाई! बोलू द्या तिला. अर्ज चालू हाय!"

 मोटारीनं पुन्हा भोंगा वाजवला. मी पोरीला उचललं. तिची छाती माझ्या हातात धडधडत होती. मी तिला काही केल्या गप्प करणार नव्हते. "नीलू," मी म्हणाले, "आजोबाला सांग, मोटार जाऊ दे म्हणावं."

तुम्ही छत्री भिंतीला टेकवलीत. परत आलात, पाटावर बसलात, शेरवानीची बटणं सोडलीत. "हुजूर का हुकूम सर आँखों पर," म्हणालात, आणि तिला मांडीवर घेतलंत. तिनं तुमची टोपी काढून खाली टाकली. मोटार गेली. आम्ही सगळे तिथं उभं राहून एका पोरीचं रडणं ऐकत होतो, लोक भजन ऐकतात तसं. आत्यांनी डोळ्याला पदर लावला आणि चिडून म्हणाल्या, "आता ही रोज रडंल!"

खरं झालं. रोज रडली.

पुढच्या आठवड्यात तुम्ही गुलबर्ग्याला जाऊन आलात. तुमच्या अर्जाला जबाब आला नाही. तुम्ही दुसरा केला नाहीत. ते माझ्या लक्षात आलं होतं, मामा. मी काही निरोप पाठवला नाही, कारण काय पाठवायचा? फक्त तुमच्या पाटासमोरचा पाळणा आम्ही तिथून कधी हलवला नाही, नीलू त्यात मावेनाशी झाली तरी.

मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. आधी शांताबाईची सून, मग तिची बहीण, मग हुलसूरहून कुणी. कुणाचं पोर सारखं रडतंय, कुणाचं बघतच नाही, कुणाची लेक बाळंत होऊन आल्यापासून भिंतीकडे तोंड करून निजलेली. तुम्ही ओट्यावर सतरंजी टाकलीत, जुनी कचेरीचीच. पहिला प्रश्न ठरलेला: "पोराची आई जेवली का?" नसली जेवली तर अर्ज दाखल होत नसे. आधी ती आत येऊन माझ्याकडे जेवायची. मला कुणी विचारलं नव्हतं. मी भाकऱ्या जास्त टाकू लागले.

भीमण्णा गाडीवान आला तेव्हा त्याची आई भांडायलाच आली होती. पोर रडून रडून घर डोक्यावर घेई, आणि सून उचलते म्हणून ते सोकावलंय, असं तिचं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "लेकराचा अर्ज तोंडी असतोय, अक्का. त्याला स्टॅम्प लागत न्हाई, तारीख पडत न्हाई. आला की सुनावणी."

"आमी काय लेकरं वाढवली न्हाईत व्हय?"

"वाढवलीस की. त्येच तर समोर बघायलोय." भीमण्णा बैलाच्या मागं उभा राहून ऐकत होता. "भीमण्णा, बाईल दमली की पोराला कोण घेतंय?"

"आईसमोर कसं घेऊ, मालक?"

"अक्का, घरात भिंत हाय न्हवं?"

म्हातारी हसली, मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली. पण त्या घरातला गिलावाही तपासला जाऊ लागला, असं नंतर कळलं.

तुम्ही वाहवतही गेलात. तान्ह्या पोराशी उर्दूतच बोललं पाहिजे, त्यात अदब आहे, असं तुम्ही सांगत सुटलात. भीमण्णाच्या पोराला त्याच्या घरचे बरेच दिवस 'जनाब' म्हणत होते. जांभई म्हणजे निकाल राखून ठेवला, असंही तुमचं एक शास्त्र होतं. मी निरोप पाठवला, "आजोबाला सांग, जांभई म्हणजे झोप." उत्तर आलं, "तुझ्या आईला सांग, हाकीमाची आनि लेकराची जांभई सारखीच असतीय." 

नीलूचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'अप्पा' नव्हता. 'सांग' होता. भिंतीला, मांजराला, ताटातल्या वरणाला ती "सांग" म्हणायची आणि उत्तराची वाट बघत थांबायची.

मोठी झाल्यावर ती नुसता डाकिया राहिली नाही. अवघड निरोप ती आपल्या अंदाजानं सोपे करू लागली. राज्याचे तुकडे होणार असं वर्तमानपत्रात आलं, तेव्हा मी म्हणाले, "आजोबाला सांग, आता आपण म्हैसुरात जाणार, हैदराबाद कागदावरही राहणार नाही." तिनं सांगितलं, "आई म्हणती, वाईट वाटून घेऊ नका." तुमचं उत्तर तिनं जसंच्या तसं आणलं, कारण ते छोटं होतं: "राज्य जातंय. अर्ज ऱ्हातोय." त्या भांडणात तुम्ही हैदराबादच्या बाजूनं होतात की कुणाच्याच नव्हतात, हे राहिलंच. आणखी थोड्या आठवड्यांत म्हैसूर येईल. तुम्ही थांबला असतात तर मी जिंकले असते.

एकदा मी प्रयत्न केला होता, तेही सांगून टाकते. यंदा बसवराज झाला, माझं दुसरं. बाळंतपणानंतर मला पुन्हा काही दिवस ते जुनं गप्पपण येतं की काय अशी भीती वाटली. आलं नाही, तुम्ही येऊ दिलं नाहीत. मीठ पुन्हा कमी पडू लागलं. एका सकाळी मी नीलूला जवळ घेऊन म्हणाले, "आजोबाला सांग, आई म्हणती, तुम्ही होतात म्हणून आम्ही दोघी आहोत." ती गेली, आणि मी दाराआडून ऐकलं. ती म्हणाली, "आजोबा, आई म्हणती, जेवायला या."

तुम्ही थोडा वेळ तिच्याकडे बघितलंत. मग दाराकडे. "येतो म्हणावं," म्हणालात.

मूळ निरोप तुम्हाला पोचला असं मी धरून चालले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या रिवाजाप्रमाणे तुम्हाला बसवूनच समाधीला नेलं, फुलांच्या मखरात, वाजंत्री लावून. शेरवानी मीच काढून दिली. तुम्ही इतके रुबाबात बसला होतात की वाटलं, आता मातीलाही 'हुजूर' म्हणाल आणि थांबाल.

शोकसभेचं राहिलं. भाषणं लांबली. प्रत्येकानं स्वतःबद्दल बरंच सांगितलं आणि शेवटी तुमचं नाव घेतलं. मग अध्यक्षांनी हल्लीच्या नव्या रीतीप्रमाणे सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळावी असं सांगितलं. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. आणि माझ्या कडेवरच्या बसवराजनं तोंड उघडलं. पुरुषांच्या बाजूनं चार-पाच जणांनी वळून "श्श्" केलं.

नीलू माझ्या पुढ्यात उभी होती. तिनं हात वर केला, तुम्ही करायचे तसा, आणि मठाच्या भिंतीला आदळून परत येईल अशा आवाजात म्हणाली, "खबरदार! कुणी श्श् करायचं न्हाई! अर्ज चालू हाय!"

कुणी श्श् केलं नाही. मी तिथंच, सभेत, खाली बसून त्याला पदराखाली घेतलं. अध्यक्षांसकट सगळे उभे राहून थांबले. त्याला ढेकर आल्यावर सभा संपली.